भीतर एक

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत. तसा कागदच दारावर डकवला होता. १९८८ सालचा एप्रिल. चिखल्याच्या पट्ट्यात तेव्हा मँगनीजची एक खाजगी खाण होती, आणि तिच्या सगळ्या आवारात थंड हवेचं यंत्र एवढ्या एकाच खोलीला होतं. शेकड्यांनी माणसं जमिनीखाली घामाने निथळत होती. गारवा होता तो कॉम्प्युटरच्या डबड्याला. खाणीचं नाव सांगत नाही. ती आता बंद आहे, आणि नाव सांगून कोणी परत येत नाही.

डबड्याची पूजा झाली होती. नारळ फुटला होता, पडद्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उठलं होतं. इश्वरने ते पुसलं नाही. त्याने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून फडक्यात गुंडाळलेल्या पाच फ्लॉप्या काढल्या. नागपूर ते तुमसर आणि तिथून खाण, एवढ्या उन्हात त्या वाकू नयेत म्हणून त्याने फडकं ओलं करून डब्याला बाहेरून बांधलं होतं. बसमधल्या बाईने विचारलं होतं, "बापू, दही हाये का?" तो हो म्हणाला होता.

इश्वर पंचवीस वर्षांचा. कॉलेज अर्धं सोडलेलं. कॉम्प्युटर शिकला तो दुसऱ्यांच्या दुकानात झाडू मारता मारता. हजेरीचा हा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता. खाणीच्या फाटकावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं, दुकानाचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहायची जागा त्या चिठ्ठीत नव्हती, म्हणून बरं.

खाणीत हजेरी चालायची ती बिल्ल्यावर. खाणीतले दिवे ठेवायच्या दिवाखोलीच्या भिंतीवर दोन फळ्या होत्या. पांढरी फळी म्हणजे बाहेर, काळी फळी म्हणजे भीतर. प्रत्येक माणसाचा पितळी बिल्ला, त्यावर नंबर ठोकलेला. खाली उतरताना बिल्ला पांढरीवरून काढून काळीवर टांगायचा, वर आलं की काळीवरून पांढरीवर. पाळी सुटली आणि काळी फळी रिकामी झाली की समजायचं, सगळे वर आले. मग भोंगा. काळीवर एक जरी बिल्ला राहिला तरी भोंगा द्यायचा नाही, माणूस शोधायचा. नियम चांगला होता. माणसांनी केलेले नियम चांगलेच असतात. बिघडतात ते सवयीने.

या फळ्यांचा हिशेब आता यंत्र ठेवणार होतं. इश्वरने प्रत्येक माणसाची एक फाइल केली होती. फाइलचं नाव म्हणजे बिल्ल्याचा नंबर. सोबत एक यादी. यंत्राने यादी वाचायची आणि एकेक फाइल फ्लॉपीवरून पोटात घ्यायची. यादीत नंबर आहे आणि फ्लॉपीवर फाइल नाही, असं झालं की थांबायचं.

पहिली फ्लॉपी गेली. दुसरी गेली. तिसरी घरघरली आणि थांबली.

पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. फाइल नॉट फाउंड. पुढे आकडा होता, ३१७.

इश्वरने हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

हा आकडा त्याला पाठ होता. शाळेत तो ज्या पितळी डब्यातून भाकर न्यायचा, त्याच्या बुडाला खिळ्याने टोचे मारून हाच आकडा काढला होता. बापाचे दोन डबे होते. एक बापासोबत गेला, एक घरी राहिला.

"काय झालं इंजिनिअर साहेब? मशीनले लू लागली का?" मागच्या खुर्चीवरून पुंडलिकराव म्हणाले. पुंडलिकराव म्हणजे इथले टाइमकीपर. तीस वर्षं हजेरीचं पुस्तक त्यांच्या काखेत होतं. मिशी रंगवलेली, बोलणं गोड.

"एक नंबर जास्त पडला यादीत," इश्वर म्हणाला. "माझीच चूक असेल."

चूक त्याचीच असणार, असं त्याने मनाला बजावलं. कंपनीने दिलेल्या पुस्तकात तीनशे सोळानंतर एकदम तीनशे अठरा होता. टाइप करताना बोटं आपसूक गेली असतील ओळखीच्या आकड्यावर. बोटांनाही सवय असते. त्याने यादी उघडली. ३१७ होता. त्याने ती ओळ खोडली, यादी बंद केली, पहिल्यापासून पाचही फ्लॉप्या घातल्या.

फाइल नॉट फाउंड. ३१७.

यादी उघडली. ओळ परत तिथेच.

मग त्याने जे जे करता येतं ते सगळं केलं. फ्लॉपी खराब म्हणून नवी कोरी आणली. यंत्र बंद केलं, दहा मिनिटं थांबून चालू केलं. यादी फेकून नव्याने लिहिली, एकेक आकडा मोठ्याने उच्चारत. शेवटी पुंडलिकरावांना बसवलं. त्यांनी दोन बोटांनी, जिभेचं टोक बाहेर काढून, तीन तासांत सगळी यादी बडवली. इश्वर मागे उभं राहून प्रत्येक ओळ बघत होता. तीनशे सोळा. तीनशे अठरा.

तिसरी फ्लॉपी घरघरली आणि थांबली.

पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. "मी तं टाकलाच नाही गा हा," ते हळू आवाजात म्हणाले. बोलणं पहिल्यांदा गोड नव्हतं.

"कोणाचा होता हा नंबर?"

"कोणाचाच नाही. एक जण होता, पळून गेला. जुनी गोष्ट हाये."

पळून गेला. हेच दोन शब्द इश्वरने लहानपणापासून खाल्ले होते, भाकरीसोबत.

एकोणसत्तर साली दिवाळीनंतरच्या मंडईचा दिवस होता. आपल्याकडे मंडई म्हणजे काय ते सांगायला नको. त्या दिवशी माणूस मढं सोडून जत्रेत जाईल. इश्वरचा बाप टेकचंद सकाळच्या पाळीला गेला तो घरी आला नाही. बायको, गोदावरीबाई, सहा वर्षांच्या इश्वरला कडेवर घेऊन संध्याकाळी फाटकावर गेली. याच पुंडलिकरावांनी तिला पांढऱ्या फळीवरचा बिल्ला दाखवला होता. "बिल्ला बाहेर म्हणजे माणूस बाहेर, बाई." कोणी खाली उतरून पाहिलं नाही. मंडईत दंडारीचा खेळ आला होता, त्यात नाचणाऱ्या होत्या. लोकांनी बाकीची गोष्ट आपली आपण जुळवली. आठ दिवसांत टेकचंद जिथे काम करायचा ती खाणीतली गल्ली वाळूने भरून बंद केली, खनिज संपलं होतं म्हणून. महिनाभरात कंपनीने क्वार्टर सोडायला लावलं. गोदावरीबाई माहेरी आंधळगावला आली आणि कोष्ट्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरू लागली. ढोर हरवलं तर गाव रानभर हाका मारत फिरतं. टेकचंदला कोणी एक हाक मारली नाही.

इश्वरने दुसरा मार्ग काढला. अडलेल्या यंत्राला फसवायचा एक साधा उपाय असतो. जी फाइल मागतं त्या नावाची एक रिकामी फाइल करून द्यायची. भीतर काही नाही, नुसतं नाव. त्याने ३१७ नावाची कोरी फाइल केली. अक्षर एकही नाही.

यंत्राने ती निमूट घेतली. चौथी फ्लॉपी, पाचवी फ्लॉपी. काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला एकशे अठरा माणसं उतरली. पुंडलिकरावांनी काळ्या फळीवरचे नंबर वाचून यंत्रात टाकले. दुपारी दोनला पाळी सुटली, एकशे अठरा बिल्ले पांढरीवर आले, तेही टाकले. काळी फळी रिकामी. भोंगा झाला. इश्वरने बेरजेची कळ दाबली.

भीतर : १

त्याने परत दाबली. एकच.

खाणीचे साहेब चपला न काढता दारातून डोकावले. "हे काय? उद्या अडीच वाजता हा कागद नागपूरला जायचा आहे. त्यावर शून्य पाहिजे. नाही तर डबा उचला आणि चालते व्हा."

ते गेल्यावर इश्वरने ३१७ची फाइल उघडली. कोरी फाइल, उघडून बघण्यासारखं काही नव्हतं.

भीतर एक ओळ होती. १४ नोव्हेंबर १९६९. उतरला, सकाळी पाच बावन्न. चढला, पुढे रिकामं.

त्या यंत्राचं कॅलेंडर सुरूच होतं ते १९८० पासून. त्याआधीची तारीख सांगितली तर ते मान्य करत नाही, चूक म्हणून परत पाठवतं. इश्वरने मुद्दाम सांगून पाहिली. यंत्राने नाकारली. फाइलमध्ये ती होती तशी होती.

थंड खोलीत त्याच्या बनियनला घाम आला. तो उठला आणि चपलाही न घालता दिवाखोलीकडे गेला. अंगणातली माती तव्यासारखी तापली होती.

दिवाखोलीत दादाजी बसला होता. वाळकी काडी झालेला म्हातारा, दिवे पुसायचा आणि फळ्यांवर नजर ठेवायचा. एके काळी टेकचंदच्याच टोळीत होता. इश्वरला त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, चालण्यावरून. बोलला मात्र नव्हता.

"दादाजीकाका, तीनशे सतरा कुठे टांगायचे?"

दोन्ही फळ्यांवर तीनशे सोळा आणि तीनशे अठराच्या मधे एक एक बिनकामाचा खिळा होता. दादाजी तिकडे न बघता दिव्याची काच पुसत राहिला.

"काहून इचारतं?"

"मशीन म्हणते, भीतर एक आहे."

काच पुसणारा हात थांबला.

"आकडा सांगते का?"

"सांगते."

दादाजीने दिवा खाली ठेवला. मग तोही खालीच बसला, भिंतीला पाठ घासत, जसं पोतं बसतं तसं.

"मंडई होती गा," तो म्हणाला. "आमची पाच जणाची टोळी. पाळी सुटली का एकजण सगळ्याइचे बिल्ले फिरवे, बाकीचे पये घराकडं. रोजचंच होतं. त्या दिवशी माही पाळी होती फिरवाची. पाची बिल्ले मीच फिरवले."

"आणि माणसं?"

"चार होतो आमी. मले वाटलं टेकचंद पुढं गेला. त्याले नवी चप्पल घ्याची होती मंडईतून, सकायपासून तेच लावलं होतं त्यानं." दादाजीने तोंडावरून हात फिरवला. "संध्याकायी तुही माय आली तं मले समजलं. मी पुंडलिकरावले सांगतलं, मालक, मी फिरवला बिल्ला, तो नसंन आला वर. तं म्हणे, चूप. आता बोलला तं तूच खुनी. आठ दिवसानं वाळू भरली. अन् मले दिव्यावर बसवलं, बैठं काम."

"एकोणीस वर्षं काका तुम्ही रोज ही फळी बघता?"

"दुसरं काय बघू, बाबू?"

त्याने कमरेची चुन्याची पिशवी सोडली. सुपारीच्या खांडांतून एक पितळी बिल्ला निघाला. हाताळून हाताळून आकडा अर्धा झिजला होता.

इश्वरला त्याला मारावंसं वाटलं. हात उचललाही असेल. पण म्हाताऱ्याने डोकंच पुढे केलं होतं, मार म्हणून. अशा माणसाला कसं मारतात?

आंधळगावला तो दिवे लागायच्या आधी पोचला. माय अंगणात चरख्यापुढे बसून कांड्या भरत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या कुंकवावरून बाया एकोणीस वर्षं बोलल्या. पळून गेलेल्याचं लावतं का व? काही म्हणायच्या, मेला समज आणि पूस एकदाचं. ती म्हणायची, मेला असं कोणी सांगू द्या, पुसतो. पळाला म्हणून कायले पुसू?

इश्वरने सांगितलं. सगळं, पुढूनमागून. चरखा थांबला नाही. बोलणं संपल्यावर सूत तुटलं, तेव्हा थांबला.

"मंग तो पयाला नोहता," ती म्हणाली.

"नाही, माय."

"त्या सकायी त्याच्या चपलीचा पट्टा तुटला होता. टायरची चप्पल. मी माह्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून बांधून देली. म्हणलं, घाईत सुटंन, दोन गाठी मारतो. हसला. म्हणे, संध्याकायी नवीच घालून येतो." ती तुटलेलं सूत बोटाला गुंडाळत होती. "खाली पानी गयते सदाचं. त्याचे पाय रोज ओलेच राहत घरी आला तरी."

तेच सूत परत जोडत तिने विचारलं, "साहेब काय म्हणते?"

"कागदावर शून्य पाहिजे म्हणते. म्हणजे ती फाइल पुसायची. उद्या अडीचच्या आत."

"तू पुसशीन?"

इश्वरच्या पोटाचं काम होतं. मोठं, पहिलंच.

"मले ने उद्या," गोदावरीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पाळी सुटली. साहेब बंगल्यावर जेवायला गेले होते. एकशे वीस माणसं वर आली, बिल्ले पांढरीवर गेले, इश्वरने ते यंत्रात टाकले, घराकडे निघालेली माणसं एक बाई बघून थांबली. दादाजीने तिला फाटकातून आणलं होतं. पुंडलिकराव पुढे आले, तोंड उघडलं, आणि ओळखून बंद केलं.

दादाजीने तिच्या हातात बिल्ला दिला.

"कोणती फळी व?" तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काळी."

तिने हात उंच करून रिकाम्या खिळ्यावर बिल्ला टांगला. एकोणीस वर्षांनी तो जिथे असायला पाहिजे होता तिथे गेला. मग तिने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून जाईना. तिने दुसऱ्यांदा पुसलं.

भोंगा झाला नाही. काळीवर बिल्ला होता. भोंगेवाल्याने फळीकडे पाहिलं आणि दोरीवरचा हात काढून घेतला. हुकूम कोणी दिला नव्हता. एकशे वीस माणसं उन्हात उभी राहिली, घरी कोणी गेलं नाही.

"तुह्या मशीनमंदी तो कुठं हाये, दाखव मले," माय म्हणाली.

चौघे खोलीकडे गेले. माय, इश्वर, दादाजी, आणि मागून, न बोलावता, पुंडलिकराव. दाराशी चपला काढल्या. मायने तिच्या कडेला नीट लावून ठेवल्या. खोलीत गार होतं. माय एकदम शहारली.

इश्वरने बेरजेची कळ दाबली.

भीतर : ०

त्याने पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते नाही म्हणून मान हलवत होते. काळ्या फळीवर टांगलेला तो बिल्ला यंत्राला अजून कोणी सांगितला नव्हता. कळफलकाला सकाळपासून इश्वरशिवाय कोणाचा हात लागला नव्हता.

त्याने फाइल उघडली.

उतरला, सकाळी पाच बावन्न. चढला, दोन वाजून अकरा मिनिटं. तारीख आजची.

भिंतीवरच्या घड्याळात दोन अकरा झाले होते. काटा हलला. बारा.

"काय लिवलं हाये?" मायने विचारलं.

"वर आला म्हणते, माय."

तिने नाक वर करून वास घेतल्यासारखं केलं. खोलीत ओल्या मातीचा, काळ्या खनिजाचा वास होता. एप्रिलात, त्या कोरड्या ठणठणीत आवारात.

पुंडलिकराव भिंतीला टेकले.

"चाल," माय म्हणाली. "चाल इथून."

इश्वरने दार उघडलं. उन्हाचा लोट तोंडावर आला. खाली चपला होत्या. तो चप्पल शोधायला वाकला आणि तसाच राहिला. मोजायची सवय असलेला माणूस. नकळत मोजल्या गेल्या.

भीतर चार माणसं. बाहेर पाच जोड.

पाचवा जोड मायच्या चपलांना लागून होता. टायरचा. अंगठे खोलीकडे, टाचा अंगणाकडे, नुकतंच कोणी काढून आत गेल्यासारखा. डाव्या पायाच्या पट्ट्यावर हिरवी चिंधी होती, दोन गाठी मारलेली.

दादाजीच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नाही.

गोदावरीबाई खाली बसली. तिने बोट पुढे केलं, गाठीला लावलं, आणि ते बोट इश्वरपुढे धरलं. बोट काळं झालं होतं.

"ओली हाये गा अजून," ती म्हणाली.